बीआरएसआर मोजायला बसताय? आधी छेद बघा, मग टक्का

मागच्या महिन्यात छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत एका युनियनच्या ऑफिसात चार जणांनी मला त्यांचं एक्सेल दाखवलं. एका लिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचा बीआरएसआर (बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट) वाचून कामगार हक्कांसाठी तिला शंभरपैकी ८१ मार्क दिले होते आणि चौघंही खूश. मी विचारलं, ह्यात ठेकेदारीवरचे किती धरलेत? एकमेकांकडं बघायला लागले. पुढं अर्धा तास आम्ही फक्त तेच शोधत होतो, आणि मार्क ८१ वरनं ४६ वर आले. कंपनीनं खोटं काहीच लिहिलेलं नव्हतं, टक्के सगळे बरोबर होते, फक्त ते कशाचे टक्के, म्हणजे खालचा छेद कुठला, हे कुणी बघितलंच नव्हतं.

हीच चूक मला सारखी दिसते. एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदवीच्या प्रोजेक्टमध्ये दिसते, संस्थांच्या अहवालात दिसते, आणि खरं सांगायचं तर माझ्या पहिल्या दोन एक्सेलमध्ये पण हीच होती. म्हणून हा सगळा क्रम एकदाच लिहून काढतोय. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीनं बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून सक्तीचा केलेला जो बीआरएसआर, तोच इथं धरलाय. ह्यात नऊ तत्त्वं आहेत, आपल्या कामाची मुख्यतः दोन: तत्त्व ३ म्हणजे कामगार-कर्मचाऱ्यांचं हित आणि तत्त्व ५ म्हणजे मानवी हक्क. पण सुरुवात ह्या दोन्हीतनं करायची नाही, ते पुढं येईलच.

## तयारी: बसण्याआधी एवढं जवळ पाहिजे

कंपनीच्या वेबसाइटवरचा चकचकीत फोटोवाला सस्टेनेबिलिटी रिपोर्ट नको. बीएसई किंवा एनएसईच्या साइटवर कंपनीचं नाव टाकून तिथं फाइल केलेला बीआरएसआर काढा, बऱ्याचदा तो वार्षिक अहवालाच्या पोटातच राहतो, पान १२० च्या पुढं कुठंतरी. एक वर्षाचा काढून भागत नाही, तीन वर्षांचे काढा. एकाच वर्षावरनं आकडा चांगला का वाईट ते कळत नाही, आणि कॉपी-पेस्ट तर तीन वर्षं शेजारी ठेवल्याशिवाय पकडताच येत नाही.

एक्सेलमध्ये सहा कॉलम करा: प्रश्न, कंपनीनं दिलेला आकडा, त्याचा छेद, पान नंबर, मार्क, शेरा. छेदाचा कॉलम वेगळा ठेवायचा म्हणजे ठेवायचाच, शेऱ्यात कोंबायचा नाही. पान नंबर नसेल तर ती ओळ धरायची नाही, असा नियमच करून टाका, कारण दोन महिन्यांनी कुणी विचारलं की हे कुठून आणलं, तर परत ३०० पानं चाळत बसावं लागतं, मी बसलोय.

आणि दुसरा माणूस पाहिजे. एकट्यानं दिलेले मार्क म्हणजे मत, दोघांनी वेगवेगळे देऊन जुळवले तर मोजमाप. वेळेचं म्हणाल तर पहिल्या कंपनीला दीड-दोन दिवस धरा, हात बसला की अर्ध्या दिवसात होतं.

सावधान: अध्यक्षांचं मनोगत आधी वाचू नका. ते वाचून डोक्यात कंपनीचं एक चित्र तयार होतं आणि मग आकडे त्या चित्रात बसवले जातात. टेबलं आधी, मजकूर नंतर.

## टप्पा १: काय मोजतोय ते एका ओळीत लिहा

एक्सेलच्या पहिल्या शीटवर, मोठ्या अक्षरात. आपण कंपनी कामगारांशी कशी वागते ते मोजत नाही आहोत, ती त्याबद्दल किती आणि कसं सांगते ते मोजतोय. ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची खिचडी केली की पुढचं सगळं बिघडतं. एखादी कंपनी तीन मृत्यू झाले म्हणून स्पष्ट लिहिते, कारण देते, काय बदललं ते सांगते, तर सांगण्याचे मार्क तिला पूर्ण मिळतात, मनाला कितीही नको वाटलं तरी. दुसरी 'शून्य' लिहून मोकळी होते आणि तासांचा हिशोबच देत नाही, तिला कमी मिळतात.

लोकांना हे पटायला वेळ लागतो. "म्हणजे माणसं मेली तरी मार्क?" असं विचारतात. हो, सांगण्याचे. वागणुकीचा शेरा लिहायला वेगळं शीट ठेवा, आणि दोन्हींची बेरीज कधीच करू नका.

## टप्पा २: रिपोर्टची हद्द कुठपर्यंत आहे

पहिल्याच भागात एक प्रश्न असतो, की हा रिपोर्ट फक्त ह्या कंपनीपुरता आहे का उपकंपन्यांसकट. एका शब्दाचं उत्तर असतं आणि जवळजवळ सगळे ते वगळून पुढं जातात. समजा तुम्हाला शेंद्र्याचा प्लांट बघायचाय आणि तो प्लांट कागदावर उपकंपनीच्या नावावर आहे, रिपोर्ट मात्र फक्त मूळ कंपनीपुरता. मग त्या ६० पानांत शेंद्र्याचा एकही माणूस नाही. आमच्याकडं एकानं तीन आठवडे असा रिपोर्ट घोटला होता.

तपासा: त्याच भागात प्लांट आणि ऑफिसांची संख्या दिलेली असते, तिथं गावांची नावं बहुतेक मिळत नाहीत. ती वार्षिक अहवालात इतरत्र प्लांटच्या पत्त्यांच्या यादीत शोधा. आपला प्लांट यादीत नसेल तर इथंच थांबा आणि योग्य कंपनीचा रिपोर्ट शोधा. उपकंपनी लिस्टेड नसेल तर तिचा वेगळा बीआरएसआर मिळणारच नाही, तेही शेऱ्यात लिहून ठेवा.

## टप्पा ३: माणसं मोजा

आता खरं काम. पहिल्या भागातच माणसांचं टेबल आहे. त्यात कर्मचारी आणि कामगार असे दोन गट, प्रत्येकात कायम आणि कायम-नसलेले (ठेकेदारीवरचे ह्यातच), आणि पुरुष-स्त्रिया वेगळे. हे टेबल जसंच्या तसं शीटवर सगळ्यात वर उतरवा आणि फ्रीज करून टाका, कारण पुढचा प्रत्येक टक्का ह्याच्याशी ताडून बघायचाय.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू. कंपनीत कायम कामगार ६४०, कायम-नसलेले १,८६०, एकूण २,५००. म्हणजे शंभरातले ७४ कामगार कायम नाहीत. वाळूज-चिकलठाण्यात कुणालाही विचारा, ह्या प्रमाणाचं कुणाला नवल वाटणार नाही.

आता तत्त्व ३ मध्ये युनियनच्या सभासदत्वाचं टेबल बघा. कंपनी लिहिते: कामगारांपैकी ९२ टक्के युनियनमध्ये. वाचून वाटतं, वा. पण त्या टेबलाचा फॉरमॅटच मुळात कायम लोकांपुरता आहे. ६४० चे ९२ टक्के म्हणजे ५८९ माणसं. तीच ५८९ माणसं २,५०० वर धरली तर साडेतेवीस टक्के. कंपनीची चूक नाही, तिनं फॉरमॅट भरला. चूक आपली, आपण '९२ टक्के कामगार संघटित' असं लिहून मोकळे होतो.

तसंच कामगार सोडून जाण्याचं प्रमाण, तेही फक्त कायमचं मागितलेलं आहे. ज्या लोकांत दर सहा-सात महिन्यांनी माणूस बदलतो त्यांचा आकडा फॉरमॅट विचारतच नाही.

पीएफ-ग्रॅच्युइटी-ईएसआयच्या टेबलात गोम आणखी वेगळी आहे. तिथं 'एकूण कामगारांच्या टक्के' असं मागितलंय, पण तो एकूण कुठला हे बऱ्याच कंपन्या लिहीत नाहीत, नुसतं १०० टक्के. माझी पहिली फजिती इथंच झाली. एका कंपनीला मी पीएफचे पूर्ण मार्क दिले, शेरा पण लिहिला 'उत्तम', आणि त्याच आठवड्यात गेटसमोरच्या टपरीवर चहा पिताना एक पोरगा म्हणाला, सर माझा पीएफ दोन वर्षांत तीन ठेकेदारांकडं गेला, पासबुकात सात महिने दिसतेत. परत रिपोर्ट उघडला तर टेबलाखाली बारीक अक्षरात टीप होती, की आकडे कंपनीच्या पगारपत्रकावरच्यांचे. तेव्हापासून मी टेबलाआधी टिपा वाचतो.

मग छेद कसा नोंदवायचा? छेदाच्या कॉलममध्ये तीनपैकी एक लिहा: 'सगळे', 'फक्त कायम', 'सांगितलं नाही'. टक्का कितीही मोठा असला तरी 'सांगितलं नाही' असेल तर पूर्ण मार्क नाहीत. एवढा एक नियम पाळला तरी निम्म्या चुका जागेवर मिटतात.

सावधान: अप्रेंटिस आणि ट्रेनी. अप्रेंटिस कायद्याखालचे पोरं कायद्यानं कामगार धरले जात नाहीत, त्यामुळं ते दोन्ही गटांत नसायची शक्यता मोठी, लाइनवर मात्र तेच उभे. रिपोर्टमध्ये त्यांचा उल्लेख कुठं आहे का ते शब्द टाकून शोधा, नसेल तर 'अप्रेंटिसची संख्या दिली नाही' अशी स्वतंत्र ओळ करा.

## टप्पा ४: शून्य, रेघ आणि 'लागू नाही' एक नाहीत

छोटा टप्पा आहे पण एक्सेलमध्ये सगळ्यात जास्त घाण इथंच होते. कंपनीनं ० लिहिलं तर तो आकडा आहे. रेघ मारली तर उत्तर दिलेलं नाही. 'लागू नाही' लिहिलं तर का लागू नाही हे पटलं पाहिजे: एकही महिला कामगार नाही म्हणून बाळंतपणाच्या रजेचा आकडा लागू नाही हे पटतं, पण १,८६० कायम-नसलेले लोक असताना त्यांच्या विम्यासमोर 'लागू नाही', हे नाही पटत. तिघांना वेगळे कोड द्या, मी '०', 'रि' आणि 'ला' वापरतो. एक्सेल रिकाम्या घराला गुपचूप शून्य धरतं आणि बेरीज बिघडवतं, म्हणून घर रिकामं ठेवूच नका.

## टप्पा ५: पगाराचे तीन आकडे

तत्त्व ५ मध्ये किमान वेतनाचं टेबल आहे: किती जणांना किमान वेतनाएवढं, किती जणांना त्याहून जास्त. '१०० टक्के लोकांना किमान वेतनापेक्षा जास्त' हे वाक्य तुम्हाला ढीगभर रिपोर्टमध्ये सापडेल. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक रुपया जास्त असला तरी तो 'जास्त'मध्येच मोडतो. आणि महाराष्ट्रात किमान वेतन हा एकच आकडा नाही, ते उद्योगानुसार, परिमंडळानुसार आणि कुशल-अर्धकुशल-अकुशल अशा वर्गानुसार बदलतं, वर विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी. माणूस सीएनसी मशीन चालवतो आणि कागदावर अकुशल, तर टेबल बरोबरच राहतंय आणि पगार चुकीचा. हे रिपोर्टमधून पकडता येत नाही, टप्पा ११ मध्ये त्यावर येऊ. इथं एवढंच बघा की कायम-नसलेल्यांची ओळ भरलीय का, आणि त्या ओळीतली संख्या टप्पा ३ मधल्या १,८६० शी जुळते का. नाही जुळली तर फरक शेऱ्यात.

दुसरा आकडा मध्यक पगाराचा, संचालक, मोठे अधिकारी, कर्मचारी, कामगार असा वेगवेगळा, पुरुष-स्त्री वेगळे. मध्यक म्हणजे सरासरी नव्हे, सगळ्यांना पगारानुसार रांगेत उभं केलं तर बरोबर मधल्याचा पगार. कामगारांच्या ओळीत हा मध्यक बहुतेक वेळा फक्त कायमचा असतो, म्हणून परत छेद.

तिसरा आकडा मला सगळ्यात आवडतो, कारण तो लपवायला अवघड आहे: एकूण पगारखर्चात स्त्रियांना गेलेला वाटा. हा बीआरएसआर कोअरमध्ये, म्हणजे बाहेरच्याकडून तपासून घ्यायच्या आकड्यांत येतो. तो माणसांच्या टेबलाशेजारी ठेवा. समजा स्त्रिया ८ टक्के आणि पगारातला वाटा ५ टक्के. पाचला आठनं भागा, आलं ०.६२ च्या आसपास, म्हणजे एका बाईचा सरासरी पगार सगळ्यांच्या सरासरीच्या साधारण ६२ टक्के. कॅल्क्युलेटरवर दहा सेकंदांचं काम आहे, कुणी करत नाही.

तपासा: हा भागाकार करण्याआधी दोन्ही आकड्यांत तीच माणसं आहेत ना? माणसांत ठेकेदारीवरच्या झाडूवाल्या बाया धरल्या आणि पगारात धरल्या नाहीत, तर उत्तर आपलंच चुकतं, आणि मग कंपनीचा माणूस मीटिंगमध्ये तुम्हाला बरोबर तिथंच धरतो.

## टप्पा ६: अपघातांचा आकडा उलटा करून बघा

कामाचे तास बुडवणाऱ्या अपघातांचा दर, सगळे त्याला एलटीआयएफआर म्हणतात. सूत्र सोपं: असे अपघात भागिले एकूण कामाचे तास, गुणिले १० लाख. आपल्या कंपनीत २,५०० कामगार, वर्षाला ३०० दिवस, रोज ८ तास, म्हणजे ६० लाख तास. नऊ अपघात झाले तर दर १.५.

आता गंमत. कंपनी तास सांगत नाही, पण दर सांगते आणि शेजारी नोंद झालेल्या एकूण दुखापतींची संख्या सांगते. समजा दर ०.६५ आणि दुखापती १, मृत्यू शून्य. तास बुडवणारे अपघात एकूण दुखापतींपेक्षा जास्त असूच शकत नाहीत, म्हणजे जास्तीत जास्त एक. १ भागिले ०.६५, गुणिले १० लाख, म्हणजे साधारण १५.४ लाख तास. एका माणसाचे वर्षाचे २,४०० तास धरले तर ६४१ माणसं. माणसांच्या टेबलात कायम कामगार किती होते? ६४०. म्हणजे १,८६० जणांचे तास ह्या हिशोबात नाहीत, आणि बहुधा त्यांच्या दुखापतीही नाहीत. कंपनीनं न सांगता सांगून टाकलं. पहिल्यांदा हे गणित जुळलं तेव्हा मी रात्री साडेअकराला मित्राला फोन केला होता, बायको म्हणाली लॉटरी लागली का.

पण ह्याला पुरावा म्हणू नका, प्रश्न म्हणा. ओव्हरटाइम, सुट्ट्या, शिफ्ट यांनी तास वरखाली होतात, पाच-दहा टक्क्यांच्या फरकावरनं काही सिद्ध होत नाही. चौपट फरक असेल तरच लिहा, आणि लिहिताना 'तासांची हद्द स्पष्ट करावी' असं लिहा.

सावधान: प्रेस शॉपमध्ये बोट गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी गाडी पाठवून आणतात, ऑफिसात खुर्चीवर बसवतात, हजेरी लागते, आणि 'दिवस बुडाला नाही'. ह्याला शॉपमध्ये हलकं काम म्हणतात. म्हणून फक्त दर बघू नका, गंभीर दुखापतींची ओळ वेगळी आहे ती बघा. सहा महिन्यांत माणूस पहिल्यासारखा बरा होत नाही अशी दुखापत तिथं यायला पाहिजे, आणि तुटलेलं बोट सहा महिन्यांत परत येत नाही.

## टप्पा ७: तक्रारी शून्य

लैंगिक छळ, भेदभाव, बालमजुरी, वेठबिगारी, वेतन, इतर, असं टेबल. तीन वर्षं सगळीकडं शून्य दिसलं की लोक एकतर पूर्ण मार्क देतात नाहीतर 'खोटं आहे' म्हणून शून्य देतात, दोन्ही चूक. शून्याला मार्क देताना शेजारचं वाचा: तक्रार कुठं करायची, कायम-नसलेल्यांना तो रस्ता आहे का, तक्रार करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून काय केलंय. रस्ता स्पष्ट आणि सगळ्यांना खुला असेल तर शून्यालाही पूर्ण मार्क. रस्ता म्हणजे नुसता एक ईमेल आयडी असेल तर अर्धे, लाइनवरची किती माणसं ईमेल करतात?

लैंगिक छळाच्या २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती लागते. नऊ प्लांट आणि समितीचा उल्लेख एकाच हेड ऑफिसच्या पत्त्याचा, तर शेऱ्यात लिहा.

## टप्पा ८: धोरणं

पटकन उरका. 'कंपनी मानवी हक्कांचा आदर करते' ह्याला एकही मार्क नाही. धोरणाला मार्क तीनच गोष्टींवर: जाहीर आहे का, ठेकेदार आणि पुरवठादारांना लागू आहे का, आणि मोडलं तर काय होतं ते लिहिलंय का. तीन वर्षांचे मजकूर शेजारी ठेवून बघा, एक शब्द न बदलता तोच परिच्छेद असेल तर 'मजकूर तोच' असा शेरा मारा. एका रिपोर्टमध्ये तर मी दुसऱ्याच कंपनीचं नाव राहिलेलं बघितलंय.

## टप्पा ९: गेटच्या बाहेरची माणसं

मराठवाड्यात बसून हे काम करताय तर हा टप्पा वगळून चालणारच नाही, कारण इथली निम्मी कहाणी कारखान्याच्या गेटच्या बाहेर, फडात म्हणजे ऊसतोडीच्या रानात आहे.

बरेच साखर कारखाने सहकारी आहेत किंवा खासगी पण लिस्टेड नाहीत, त्यांचा बीआरएसआरच नसतो. पण त्यांची साखर घेणारे बिस्किटवाले, थंड पेयवाले लिस्टेड असतात आणि त्यांच्या रिपोर्टमध्ये 'मूल्यसाखळी' (पुरवठादारांपासून गिऱ्हाइकापर्यंतची साखळी) नावाचा शब्द असतो. तुम्हाला वाटतं बीड-धारूर-केजचा ऊसतोड कामगार तिथं कुठंतरी सापडेल. सापडत नाही, आणि का सापडत नाही ते नीट समजून घ्या.

एकतर पुरवठादारांचं मूल्यमापन हे ऐच्छिक प्रश्नांत आहे. दुसरं, सेबीच्या बीआरएसआर कोअरमध्ये साखळीतला भागीदार कोण, तर ज्याचा एकट्याचा वाटा खरेदी किंवा विक्रीच्या २ टक्के किंवा जास्त, आणि तेही सध्या पहिल्या २५० कंपन्यांना ऐच्छिक. आता फडातली साखळी बघा: कारखान्याचा करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी (मजूर गोळा करणारा), मुकादम दसरा-दिवाळीआधी उचल म्हणजे आगाऊ रक्कम देतो आणि मजुरांची टोळी नेतो. मुकादम कुणाच्याच खरेदीच्या २ टक्के नाही. ऊस देणारा शेतकरीही नाही. साखर कारखाना स्वतः २ टक्क्यांत बसला तर नशीब, आणि बसला तरी त्याच्या हजेरीपटावर टोळी नाहीच. चाळणीच अशी आहे की हा माणूस खाली पडतो.

आणि पडला नाही तरी मोजणार कसा? मुकादमाच्या वहीत कोयते लिहिलेले असतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, पण नाव नवऱ्याचं. कुणी 'टोळीत १२ कोयते' म्हणून १२ माणसं धरली तर २४ तले १२ गेले, आणि गेलेल्या सगळ्या बाया. हिशोब टनावर, दोघांचा एकत्र, त्यामुळं बाईची मजुरी किती हा आकडाच तयार होत नाही. म्हणून कंपनी, संस्था, सरकारी सर्वेक्षण, कुणीही ऊसतोडीचा आकडा दिला की पहिला प्रश्न: कोयते का माणसं?

मार्क देताना इथं चार प्रश्न ठेवा. कच्चा माल कुठल्या भागातून येतो ते सांगितलंय का, पहिल्या पुरवठादाराच्या पलीकडं काही बघितलंय का, उचलीतून येणाऱ्या बांधिलकीचा उल्लेख आहे का, आणि किती टक्के पुरवठादारांचं मूल्यमापन झालं ह्यात टक्के संख्येचे का खरेदीच्या रकमेचे. शेवटचा प्रश्न परत छेदाचाच: ५ मोठे पुरवठादार तपासून 'रकमेच्या ७० टक्के' होतं, आणि राहिलेल्या ३० टक्क्यांत २०० छोटे.

सावधान: लिस्टेड नसलेल्या कारखान्याला 'बीआरएसआर दिला नाही' म्हणून शून्य देऊ नका. त्याच्यावर तो बंधनकारकच नाही. त्याला यादीतच घेऊ नका.

## टप्पा १०: मार्क द्या, मग भांडा

मार्कांची पट्टी साधी ठेवा. पूर्ण सांगितलं आणि छेद स्पष्ट तर २, अर्धवट किंवा छेद नाही तर १, नाही सांगितलं तर ०, 'ला' असेल तर तो प्रश्न बेरजेतून आणि एकूण मार्कांतून दोन्हीकडून काढा. फक्त बेरजेतून काढला आणि एकूणातून नाही, तर कंपनीवर अन्याय होतो, ही चूक मी चांगल्या संस्थांच्या अहवालातही बघितलीय. ० ते १० वगैरे पट्टी नको, ६ आणि ७ मधला फरक कुणालाच सांगता येत नाही.

दोघांनी एकमेकांचं न बघता मार्क द्यायचे. मग जुळवा. ४० प्रश्नांत ३१ जुळले तर साडेसत्त्याहत्तर टक्के. आमच्याकडं ८० च्या खाली आलं की मार्क दुरुस्त करत नाही, नियम दुरुस्त करतो: कुठल्या शब्दावर दोघांचा अर्थ वेगळा झाला ते शोधायचं, नियम एका ओळीत लिहायचा, आणि सगळ्या कंपन्या परत. कंटाळवाणं आहे. 'चल दीड देऊ दोघांचा मान ठेवून' असं करायचा मोह होतो, करू नका.

## टप्पा ११: बाहेरून पडताळा

हे वागणुकीच्या शीटसाठी, मार्कांसाठी नाही. पीएफच्या साइटवर आस्थापना शोधता येते, कुठल्या महिन्यात किती जणांचा पीएफ भरला ते तिथं दिसतं. ठेकेदाराचा कोड वेगळा असतो हे लक्षात ठेवा, नाहीतर कंपनीच्या कोडवर कमी लोक दिसले म्हणून ओरड कराल. अपघातांसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडं माहितीचा अधिकार टाकता येतो, माणूस ४८ तास किंवा जास्त कामावर येऊ शकला नाही अशा अपघाताची नोटीस कारखान्याला द्यावी लागते.

आणि गेट. शिफ्ट सुटायच्या वेळी, कंपनीच्या गेटपासून लांबच्या टपरीवर. पगारपत्रक बघायला मिळालं तर वर्ग कुशल लिहिलाय का अकुशल आणि ठेकेदाराचं नाव, एवढंच टिपा. फोटो काढू नका, नाव लिहू नका, व्हॉट्सॲपवर तर काहीच मागवू नका. चार जणांच्या लाइनमध्ये 'पॅकिंगमधला तिशीतला कामगार' एवढं लिहिलं तरी सुपरवायझरला माणूस कळतो.

## टप्पा १२: छापण्याआधी कंपनीला पाठवा

मार्क नाही, फक्त आकडे, छेद आणि पान नंबर पाठवा, पंधरा दिवसांची तारीख द्या. मार्क पाठवले की चर्चा मार्कांवर होते आणि आकडे बाजूला राहतात. उत्तर आलं आणि त्यात नवी माहिती असली तरी मार्क बदलत नाहीत, कारण आपण जाहीर रिपोर्ट मोजतोय, पण उत्तर सोबत छापा. आपली चूक निघाली तर मात्र लगेच बदला आणि बदलली असं लिहा.

ज्या दिवशी पीडीएफ उतरवली ती तारीख फाइलच्या नावातच टाका. कंपन्या कधीकधी दुरुस्त फाइल चढवतात, आणि पुढच्या वर्षीच्या रिपोर्टमध्ये मागच्या वर्षाचा आकडाही गपचूप बदललेला सापडतो. तो बदल सापडला की पहिल्यांदा माणसांचं टेबल उघडा, बहुतेक वेळा कायम-नसलेल्यांची ओळ हललेली असते.